फिजिओथेरपिस्टची ओळख : नोंदणी, सदस्यत्व आणि क्रमांक

गुडघेबदल शस्त्रक्रियेनंतर घरी येऊन व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टची महिनाअखेरची पावती नीट वाचली, तर नावाखाली बरेच काही छापलेले दिसते. बीपीटीएच किंवा एमपीटीएच ही पदवी असते, तिच्यापुढे ‘एमआयएपी’ अशी अक्षरे असतात, एखादा रजिस्ट्रेशन नंबर असतो आणि तळाशी शिक्का असतो. घरचे लोक रक्कम बघतात आणि पावती फाइलला लावून टाकतात. पुढे विम्याचा क्लेम दाखल होतो आणि क्लेम हाताळणाऱ्या टीपीएकडून ‘उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक कळवा’ अशी विचारणा येते, तेव्हा शोधाशोध सुरू होते. यातला कोणता आकडा द्यायचा? तो कोणी दिलेला? तो खरा आहे हे कुठे पाहायचे?

भारतात या प्रश्नांची उत्तरे गेल्या काही वर्षांत बदलत आहेत. २०२१ चा केंद्रीय कायदा, २०२५ चा नवा अभ्यासक्रम आणि आरोग्याच्या डिजिटल नोंदींची सरकारी योजना या तिन्हींमुळे फिजिओथेरपिस्टची ओळख पटवण्याचा विषय पुन्हा ऐरणीवर आला आहे. हा विषय इथवर कसा आला, कोणाचे म्हणणे काय आहे आणि काय अजून ठरायचे आहे, याचा हा आढावा.

तीन कागद, तीन कामे

चर्चेत गोंधळ होतो तो बहुधा तीन वेगळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधल्याने. पहिली गोष्ट नोंदणी. या व्यक्तीने ठरावीक शिक्षण घेतले आहे, तिला हा व्यवसाय करण्याची कायद्याने मुभा आहे आणि तिने चूक केली तर तिचे नाव रजिस्टरमधून काढता येते, एवढे नोंदणीतून कळते. दुसरी गोष्ट सदस्यत्व. या व्यक्तीने व्यावसायिकांच्या संघटनेची वर्गणी भरली आहे आणि संघटनेची आचारसंहिता मान्य केली आहे, असे सदस्यत्व सांगते. तिसरी गोष्ट ओळख क्रमांक. बिलावर, केसपेपरवर, क्लेमच्या अर्जावर लिहिलेली ही व्यक्ती नेमकी कोण, हे क्रमांकाने पक्के होते. एकाच शहरात एकाच नावाचे तीन फिजिओथेरपिस्ट असले, तरी मग घोटाळा होत नाही.

नोंदणी शासन किंवा शासनाने नेमलेली परिषद देते, सदस्यत्व संघटना देते आणि क्रमांक देतो पैशांचा किंवा नोंदींचा हिशेब ठेवणारा. ज्या देशांत ही व्यवस्था रुळलेली आहे, तिथे तिन्ही कामे वेगवेगळ्या हातांत आहेत. भारतात मात्र पहिले काम दुसऱ्यापेक्षा बरेच उशिरा सुरू झाले. त्यामुळे बराच काळ दुसऱ्या कागदानेच पहिल्याची जागा भरून काढली. आजच्या बहुतेक वादांची मुळे या उलट्या क्रमात आहेत.

पार्श्वभूमी : मुंबईपासून संसदेपर्यंत

भारतात फिजिओथेरपीच्या शिक्षणाची पायाभरणी मुंबईत झाली. परळच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराची (ऑक्युपेशनल थेरपीची) शाळा सुरू केली. पोलिओच्या साथींमुळे हातपाय अधू झालेल्या मुलांचा प्रश्न तेव्हा मोठा होता. त्यानंतर लवकरच जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने तिथे फिजिओथेरपीची शाळाही उभी राहिली. १९५५ मध्ये ‘इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स’ म्हणजे आयएपी ही संघटना स्थापन झाली. १९५१ साली जन्मलेल्या फिजिओथेरपीच्या जागतिक महासंघाचे सदस्यत्व तिला १९६७ मध्ये मिळाले.

डॉक्टरांना मेडिकल कौन्सिल होती, परिचारिकांना नर्सिंग कौन्सिल होती, औषधविक्रेत्यांना फार्मसी कौन्सिल होती. फिजिओथेरपिस्टना तशी कोणतीही परिषद नव्हती. १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. कृत्रिम अवयव बसवणारे, वाचोपचार करणारे अशा अनेकांना त्यातून केंद्रीय रजिस्टरमधला क्रमांक मिळाला. पण त्याच वॉर्डात काम करणारे फिजिओथेरपिस्ट त्या कायद्याबाहेर राहिले. परदेशी नोकरीसाठी किंवा हॉस्पिटलच्या मुलाखतीत पुरावा मागितला गेला, तर आयएपीचा आजीव सदस्यत्व क्रमांक पुढे केला जाई. लेटरहेडवर ‘एमआयएपी’, म्हणजे आयएपीचा सभासद, असे लिहिण्याची पद्धत त्या काळात पडली आणि आजही टिकून आहे.

ही पोकळी राज्यांनी आपापल्या परीने भरायला सुरुवात केली. दिल्लीने १९९७ मध्ये कायदा केला. महाराष्ट्राने २००२ चा व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद अधिनियम आणला आणि त्यातून मुंबईत राज्य परिषद आली. व्यवसायात तिला सगळे ‘ओटीपीटी कौन्सिल’ म्हणतात. गुजरातचा कायदा २०११ चा. अनेक राज्यांत मात्र असे काहीच झाले नाही. त्यामुळे एकच पदवी घेतलेल्या दोघांपैकी एकाकडे वैधानिक नोंदणी आणि दुसऱ्याकडे फक्त संघटनेचे कार्ड, अशी स्थिती राहिली.

केंद्रीय पातळीवर २००७ मध्ये पॅरामेडिकल आणि फिजिओथेरपी परिषदांचे विधेयक संसदेत आले, पण ते व्यपगत झाले. २०१८ च्या विधेयकानंतर सुधारित रूपात २०२१ चा राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम मंजूर झाला आणि त्याच वर्षी मार्चअखेर राष्ट्रपतींची संमती मिळाली. अंमलबजावणी रेंगाळल्याने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांत कायदा अमलात आणण्याचे निर्देश दिले.

सदस्यत्व : ऐच्छिक असावे की अपेक्षित?

संघटनेचे सदस्यत्व हीच पात्रतेची खूण मानण्याची रीत जुनी आहे आणि ती भारतापुरती मर्यादित नाही. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची एक सोसायटी काढली. मसाजच्या नावाखाली लंडनमध्ये चालणाऱ्या धंद्यांचा बभ्रा तेव्हा वृत्तपत्रांतून आणि वैद्यकीय नियतकालिकांतून झाला होता. आपण त्यातल्या नव्हेत, हे लोकांना कळावे म्हणून या स्त्रियांनी परीक्षा घेतली, सभासदांची यादी ठेवली आणि नियम घातले. डॉक्टरांच्या सूचनेशिवाय मसाज करायचा नाही, जाहिरात करायची तर फक्त वैद्यकीय नियतकालिकांत, असे ते नियम होते. त्या सोसायटीला १९२० मध्ये राजसनद मिळाली आणि १९४४ पासून ती ‘चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

आज ब्रिटनमध्ये कामांची वाटणी स्पष्ट आहे. व्यवसाय करण्यासाठी ‘हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल’ची नोंदणी सक्तीची आहे. ‘फिजिओथेरपिस्ट’ आणि ‘फिजिकल थेरपिस्ट’ ही दोन्ही नावे कायद्याने राखीव आहेत आणि नोंदणी नसताना ती लावणे हा गुन्हा आहे. चार्टर्ड सोसायटीचे सदस्यत्व ऐच्छिक असले, तरी व्यावसायिक दायित्वाचा विमा आणि कामगार संघटनेचे पाठबळ त्यातून मिळते.

अमेरिकेतही असेच आहे. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या स्त्रियांनी १९२१ मध्ये मेरी मॅकमिलन यांच्या अध्यक्षतेखाली संघटना काढली. तीच आजची ‘अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशन’. परवाना मात्र राज्य देते. त्यासाठी राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि संघटनेत असण्या-नसण्याशी परवान्याचा संबंध नसतो.

भारतातील चर्चेत यावरून तीन मतप्रवाह दिसतात. पहिला म्हणतो की वैधानिक नोंदणी आल्यावर सदस्यत्व ही पूर्णपणे ऐच्छिक बाब झाली पाहिजे. सभासदांच्या हितासाठी भांडणारी संस्था त्याच सभासदांची पात्रता ठरवू लागली, तर हितसंबंधांचा प्रश्न उभा राहतो. परिषद रुग्णांसाठी आहे आणि संघटना व्यावसायिकांसाठी, तेव्हा दोघींनी आपापल्या जागी राहावे. दुसऱ्या मतानुसार संघटनेने अर्धे शतक कोणतेही कायदेशीर अधिकार नसताना दर्जा राखला. अधिवेशने, कार्यशाळा, जागतिक महासंघातले प्रतिनिधित्व हे सगळे सभासदसंख्येवर उभे असते. सदस्यत्वाचे वजन संपले तर व्यवसायाचा आवाजच क्षीण होईल. तिसरा प्रवाह मधला आहे. सदस्यत्व सक्तीचे नको, पण निरंतर शिक्षणाचे गुण, व्यावसायिक विमा, मार्गदर्शन अशा ठोस गोष्टी संघटनेने द्याव्यात आणि त्यांच्या जोरावर सभासद मिळवावेत, असे तो सुचवतो. ब्रिटनचा अनुभव या मताला बळ देणारा आहे. मात्र भारतात लहान क्लिनिक चालवणारे बहुसंख्य असल्याने दरवर्षीची वर्गणी कितपत परवडेल, ही शंका उरतेच.

नोंदणी : छत्री एक की स्वतंत्र परिषद?

२०२१ च्या कायद्यात फिजिओथेरपिस्टच्या दृष्टीने तीन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. पहिली वर्गवारीची. कायद्याने ‘सहयोगी आरोग्य व्यावसायिक’ आणि ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ असे दोन थर केले. पहिल्यासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे शिक्षण आणि दुसऱ्यासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे. फिजिओथेरपिस्ट दुसऱ्या थरात येतात. परिशिष्टात व्यवसायांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातले संकेतांक दिले आहेत. फिजिओथेरपिस्टचा संकेतांक २२६४ आहे आणि तो तंत्रज्ञ व साहाय्यक यांच्या गटापासून वेगळा आहे.

दुसरी तरतूद व्याख्येची. रुग्णाची सर्वंकष तपासणी करून हालचालींतले दोष, वेदना, अपंगत्व यांवर उपचार आणि सल्ला देणारा, किमान पदवीधर आणि स्वतंत्रपणे किंवा चमूचा भाग म्हणून काम करू शकणारा, असे वर्णन कायद्यात आहे. ‘स्वतंत्रपणे’ या शब्दाला व्यवसायात फार महत्त्व दिले जाते. डॉक्टरांची चिठ्ठी नसताना रुग्ण तपासता येतो का, हा वाद अनेक वर्षे चालू आहे आणि आपल्या बाजूने आधार म्हणून फिजिओथेरपिस्ट आता ही व्याख्या दाखवतात.

तिसरी तरतूद रजिस्टरची. राज्य परिषदेने राज्याचे रजिस्टर ठेवायचे, त्यातली नावे केंद्रीय रजिस्टरमध्ये जायची आणि दोन्ही ऑनलाइन व अद्ययावत असायची, अशी ही रचना आहे.

या रचनेवर मुख्य मतभेद आहे तो छत्रीचा. फिजिओथेरपिस्टची जुनी मागणी दंतवैद्यक किंवा नर्सिंगसारख्या स्वतंत्र केंद्रीय परिषदेची होती. २००७ च्या विधेयकाला झालेल्या विरोधातही ‘पॅरामेडिकल’ व्यवसायांसोबत एका शीर्षकाखाली बांधले जाण्याची नाराजी होती. स्वतंत्र परिषदेच्या बाजूने सांगितले जाते की या व्यवसायाला सात दशकांचा इतिहास आहे, पदव्युत्तर शिक्षण आहे, स्वतंत्र प्रॅक्टिस आहे. पन्नासहून अधिक व्यवसायांच्या गर्दीत त्याचे प्रश्न मागे पडतील. छत्रीच्या बाजूचे म्हणतात की प्रत्येक व्यवसायाला वेगळा कायदा करायचा ठरवले असते, तर लहान व्यवसायांना आणखी पन्नास वर्षे थांबावे लागले असते. शिवाय कायद्यात प्रत्येक वर्गासाठी व्यावसायिक परिषदेची सोय आहे, त्यामुळे अभ्यासक्रम आणि आचारसंहिता त्या-त्या क्षेत्रातले लोकच ठरवतील. ब्रिटनची कौन्सिलही अनेक व्यवसायांची मिळून एकच आहे आणि तिथे फिजिओथेरपीचा दर्जा घसरल्याचे कोणी म्हणत नाही, असा दाखला ते देतात.

नावाच्या या नाराजीला कराच्या कायद्यात एक मजेशीर उलट बाजू आहे. २०१७ च्या जीएसटी अधिसूचनेत आरोग्यसेवांना करमाफी देताना क्लिनिकल आस्थापना, अधिकृत वैद्यकीय व्यावसायिक आणि ‘पॅरामेडिक्स’ असे तीन गट घातले आहेत. जी ओळख व्यवसायाला नकोशी वाटते, तिचाच आधार करमाफीचा हिशेब मांडताना घेता येतो. एकाच व्यक्तीची ओळख निरनिराळ्या कायद्यांत निरनिराळ्या नावांनी लिहिली गेल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

दुसरा मतभेद राज्य आणि केंद्र यांच्यातला आहे. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने परिषद राज्याची असणे स्वाभाविक आहे. पण नागपुरातून रायपूरला बदली झालेल्या जोडीदारासोबत गेलेल्या फिजिओथेरपिस्टला पुन्हा नव्याने अर्ज, नवी फी आणि नवी प्रतीक्षा यांतून जावे लागत असेल, तर राष्ट्रीय कायद्याचा उपयोग काय, असे विचारले जाते. ऑस्ट्रेलियात पूर्वी राज्यागणिक नोंदणी होती. १ जुलै २०१० पासून तिथे एकच राष्ट्रीय नोंदणी लागू झाली. अमेरिकेने राज्यांचे परवाने कायम ठेवले, पण करारात सामील झालेल्या राज्यांमध्ये परवानाधारकाला काम करता यावे अशी सोय केली. भारताचा कायदा या दोहोंच्या मधोमध आहे. रजिस्टर राज्याचे, पण नावे केंद्रापर्यंत जाणारी.

‘डॉ.’ हा उपसर्ग : ओळखीचाच एक वाद

एप्रिल २०२५ मध्ये २०२१ च्या कायद्याखालील राष्ट्रीय आयोगाने फिजिओथेरपीचा नवा क्षमताधारित अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्यात पदवीधरांना नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ लावता येईल असे म्हटले होते. त्यावर ९ सप्टेंबर २०२५ रोजी आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढले. फिजिओथेरपिस्टनी ‘डॉ.’ लावल्यास १९१६ च्या भारतीय वैद्यकीय पदवी कायद्याचा भंग होईल, असे त्यात नमूद होते. दुसऱ्याच दिवशी ते पत्र अधिक तपासणीसाठी मागे घेण्यात आले. पुढे हा विषय न्यायालयातही पोहोचला.

डॉक्टरांच्या संघटनांचा, विशेषतः भौतिक वैद्यक व पुनर्वसनाच्या तज्ज्ञांचा, मुद्दा रुग्णाच्या संभ्रमाचा आहे. कंबरदुखी घेऊन आलेल्याच्या पाठीत मणक्याचा क्षय किंवा गाठ असू शकते. समोरचा एमबीबीएस आहे असे समजून रुग्णाने तिथेच उपचार घेत राहिले, तर निदानाला उशीर होतो. फिजिओथेरपिस्ट उलट विचारतात की दंतवैद्य, पशुवैद्य, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधर ‘डॉ.’ लावतात तेव्हा हा संभ्रम होत नाही का? ‘पीटी’ हा प्रत्यय सक्तीचा असेल तर फरक पाटीवरच दिसतो. तिसरे मत असे की उपसर्गाचा निकाल काहीही लागो, पाटीवर पदवी, वैधानिक नोंदणी क्रमांक आणि परिषदेचे नाव मराठीत व ठळक असेल, तर संभ्रमाचा बराच भाग आपोआप दूर होतो.

क्रमांक : अमेरिकेचा धडा

ओळख क्रमांकाच्या बाबतीत सर्वांत तपशिलवार अनुभव अमेरिकेचा आहे. १९९६ च्या आरोग्य विमा कायद्यात अशा क्रमांकाची तरतूद झाली, २००४ मध्ये नियम आले आणि २३ मे २००७ पासून बहुतेक विमा व्यवहारांत ‘नॅशनल प्रोव्हायडर आयडेंटिफायर’, म्हणजे एनपीआय, सक्तीचा झाला. त्याआधी प्रत्येक विमा कंपनीचा आणि प्रत्येक सरकारी योजनेचा वेगळा क्रमांक असे, आणि एकाच फिजिकल थेरपिस्टला ते सगळे सांभाळावे लागत.

एनपीआय दहा अंकी असतो. त्यात राज्य, शाखा किंवा जन्मवर्ष काहीही दडलेले नसते. म्हणून थेरपिस्टने राज्य बदलले, क्लिनिक बदलले, आडनाव बदलले तरी क्रमांक आयुष्यभर तोच राहतो. शेवटचा अंक तपासणीचा असतो. आधीच्या नऊ अंकांच्या सुरुवातीला ८०८४० हे ठरावीक अंक जोडून, एकाआड एक अंक दुप्पट करून बेरीज केली, की शेवटचा अंक काय असायला हवा ते निघते. बिल भरणाऱ्या कारकुनाने एखादा अंक चुकीचा टंकला, तर संगणक ती चूक तिथेच पकडतो. क्रमांक फुकट मिळतो. व्यक्तीसाठी एक प्रकार आणि संस्थेसाठी दुसरा प्रकार असतो, आणि पत्ता वगैरे बदलला तर ३० दिवसांत कळवावे लागते.

मात्र या क्रमांकाच्या मर्यादा नियमांतच लिहिलेल्या आहेत. एनपीआय असला म्हणून ती व्यक्ती परवानाधारक आहे, असे सिद्ध होत नाही. एनपीआय मिळाला म्हणून मेडिकेअर ही सरकारी विमा योजना पैसे देईलच, असेही नाही. मेडिकेअरसाठी वेगळी नावनोंदणी करावी लागते. फिजिकल थेरपिस्टच्या साहाय्यकांना मेडिकेअरमध्ये स्वतंत्र नावनोंदणी करता येत नाही. त्यांनी दिलेले उपचार थेरपिस्टच्या नावे बिलात जातात, आणि साहाय्यकाचा सहभाग दाखवणारी खूण असेल तर १ जानेवारी २०२२ पासून ८५ टक्केच रक्कम मिळते. म्हणजे उपचार कोणी केले याची नोंद थेट पैशांशी जोडली गेली आहे. दुसरी अडचण खासगीपणाची. एनपीआयची यादी सार्वजनिक आहे. घरोघरी जाऊन उपचार करणाऱ्या थेरपिस्टने कामाचा पत्ता म्हणून घरचा पत्ता दिला, तर तो कोणालाही दिसतो.

ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली. तिथल्या मेडिकेअरचा प्रोव्हायडर नंबर ठिकाणाशी बांधलेला असतो. दोन ठिकाणी काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दोन क्रमांक घ्यावे लागतात. त्यामुळे सेवा कोणी दिली याबरोबर कुठे दिली हेही कळते, पण क्रमांक सांभाळण्याचे काम वाढते.

महाराष्ट्रातून परदेशी जाणाऱ्यांना हे तिन्ही कागद वेगवेगळे असल्याचा अनुभव प्रत्यक्ष येतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी घेतलेल्याला अमेरिकेत आधी शिक्षणाचे मूल्यमापन करून घ्यावे लागते, मग परीक्षा, मग राज्याचा परवाना, आणि त्यानंतर कामाला लागताना एनपीआय. संघटनेचे सदस्यत्व या साखळीत कुठेच सक्तीचे नसते. अर्जासोबत मागितले जाते ते मायदेशातल्या परिषदेचे ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र. ज्या राज्यात परिषदच नव्हती, तिथल्या पदवीधरांची अडचण इथे होत आली आहे.

भारतात असा सार्वत्रिक क्रमांक आणण्याचा प्रयत्न आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधून चालू आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी या मिशनची देशव्यापी घोषणा झाली. नागरिकांसाठी ‘आभा’ क्रमांक, रुग्णालयांसाठी एक नोंदवही आणि व्यावसायिकांसाठी ‘हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्री’, अशी तिची मांडणी आहे. नोंद ऐच्छिक आहे. डॉक्टरांच्या बाबतीत माहितीची खातरजमा त्यांच्या परिषदेकडून होते. फिजिओथेरपीतही हीच पद्धत लावायची तर आधी राज्य परिषदेचे रजिस्टर पूर्ण आणि अद्ययावत हवे.

क्रमांकाच्या बाजूने बोलणारे सांगतात की दवाखान्यातली नोंद, डॉक्टरांची चिठ्ठी आणि फिजिओथेरपीचे टिपण एकमेकांना जोडता येईल, बोगस बिले कमी होतील आणि विमा कंपन्या बाह्यरुग्ण फिजिओथेरपीचा खर्च देण्यास पुढे येतील. शंका घेणारे म्हणतात की भारतात फिजिओथेरपीचा बहुतांश खर्च रुग्ण खिशातून करतो. जिथे विमाच नाही तिथे क्रमांकाचा लाभ कोणाला? एका खोलीत आयएफटी आणि अल्ट्रासाउंडची यंत्रे ठेवून काम करणाऱ्यावर आणखी एक पोर्टल, आणखी एक पासवर्ड लादला जाईल. दोन्ही बाजू रुग्णाच्या सोयीविषयी बोलतात. मतभेद आहे तो आधी काय यावे, विमा की क्रमांक, याबद्दल.

अजून न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न संक्रमणाचा. महाराष्ट्र, दिल्ली, गुजरात अशा राज्यांत आधीपासून वैधानिक परिषदा आहेत. त्यांच्या रजिस्टरमधली नावे, क्रमांक, नूतनीकरणाच्या तारखा आणि चालू असलेल्या तक्रारी नव्या रचनेत कशा सामावतील, याची घडी नीट बसायला हवी. जुना क्रमांक रद्द होऊन नवा आला, तर परदेशी परवान्यांसाठी दिलेल्या जुन्या पत्रांचा संदर्भ तुटू नये, ही व्यावसायिकांची रास्त अपेक्षा आहे.

दुसरा प्रश्न जुन्या पदविकाधारकांचा आणि अल्पमुदतीचे अभ्यासक्रम केलेल्यांचा. कायद्याने किमान पदवी ठरवली आहे. लहान गावांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांपैकी कोणाला साहाय्यक म्हणून जागा द्यायची आणि कोणाला थांबवायचे, हे केवळ कागद पाहून ठरवणे अवघड आहे. एका बाजूला रुग्णाची सुरक्षितता आहे आणि दुसऱ्या बाजूला जिथे दुसरा कोणी उपलब्धच नाही अशा तालुक्याचा प्रश्न.

तिसरा प्रश्न नूतनीकरणाचा. ब्रिटनमध्ये दर दोन वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण होते आणि त्या वेळी २.५ टक्के नावे यादृच्छिक निवडून त्यांच्या निरंतर शिक्षणाचे पुरावे तपासले जातात. आपल्याकडे गुण मोजण्याची पद्धत प्रमाणपत्रांवर चालते. कार्यशाळेत हजेरी लावली म्हणजे कौशल्य वाढले का, हा प्रश्न व्यवसायातले लोकच विचारतात.

चौथा प्रश्न दूरस्थ उपचारांचा. पुण्यातला फिजिओथेरपिस्ट बंगळूरच्या रुग्णाला व्हिडिओवर व्यायाम शिकवतो, तेव्हा कोणत्या राज्याची नोंदणी लागू होते? तक्रार आली तर ती कोणत्या परिषदेकडे जायची? राज्य-रजिस्टरच्या रचनेत याचे उत्तर आपोआप मिळत नाही.

पाचवा प्रश्न नावाच्या संरक्षणाचा. जिममधला प्रशिक्षक, मालिशवाला, हाडवैद्य आणि ऑनलाइन प्रमाणपत्र घेतलेला ‘पेन स्पेशालिस्ट’ या सगळ्यांकडे लोक दुखणे घेऊन जातात. शिक्षेची तरतूद असली तरी तक्रार करायची कोणी, तपासायची कोणी आणि किती दिवसांत, यावर तिचा वचक अवलंबून राहील.

सद्यस्थितीचा अर्थ

तिन्ही कागदांचा एकत्रित विचार केला तर एक क्रम स्पष्ट दिसतो. क्रमांक तेवढाच विश्वासार्ह, जेवढे त्यामागचे रजिस्टर. रजिस्टर तेवढेच विश्वासार्ह, जेवढी त्यामागची शिक्षणाची आणि शिस्तभंगाची यंत्रणा. सदस्यत्व या साखळीबाहेरचे आहे, आणि तसे असण्यातच त्याचे बळ आहे. परिषदेच्या निर्णयावर टीका करण्याचे स्वातंत्र्य संघटनेला त्यामुळेच राहते. परदेशांतल्या व्यवस्था तपशिलात एकमेकींपासून वेगळ्या आहेत, पण ही विभागणी सगळीकडे समान आहे.

भारतात कायदा झाला आहे, व्याख्या ठरली आहे, अभ्यासक्रम आला आहे. आता उरलेले काम कारभाराचे आहे : राज्य परिषदांना कर्मचारी आणि पैसा देणे, जुन्या नोंदी तपासून नव्या रजिस्टरमध्ये नेणे, तक्रारींना मुदत घालणे आणि यादी मराठीसह प्रादेशिक भाषांत लोकांसाठी खुली करणे. छत्री की स्वतंत्र परिषद, ‘डॉ.’ लावायचे की नाही, हे वाद त्यानंतरही चालू राहतील. मात्र टीपीएने नोंदणी क्रमांक मागितल्यावर रुग्णाच्या मुलाला तो मोबाइलवर टाकून नाव, पदवी आणि नोंदणीची मुदत लगेच पाहता येते का, ही कसोटी त्या वादांच्या निकालाची वाट न पाहता आजच लावता येते. कायद्याची अंमलबजावणी किती झाली, हे मोजायला दुसऱ्या मापाची फारशी गरज नाही.